कोपऱ्यापर्यंतची शाळा

काचेवर टकटक झाली तेव्हा शिरीष मोजे बघत होता. स्वतःचे नव्हेत, समोरच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या पोरांचे. वर ओढलेले कितीजणांचे, घोट्यावर गोळा झालेले कितीजणांचे, आणि दक्षिण गोलार्धातल्या ऑगस्टच्या थंडीत बूटमोजे दप्तरात कोंबून अनवाणीच निघालेली कितीजणं, असा अंदाज घेणं चाललं होतं आणि तो काही जमत नव्हता, कारण पोरं एका जागी ठरत नव्हती. टकटक पुन्हा झाली. बाहेर झिरमिर पावसात पिवळंजर्द चमकतं जाकीट घातलेली एक रुंद बाई वाकून आत बघत होती. त्या क्षणी शिरीषला आपण बाहेरून कसे दिसत असू ते लख्ख दिसलं. पंचेचाळिशी ओलांडलेला सावळा गृहस्थ, काचा बंद केलेली गाडी, मांडीवर अर्धी खाल्लेली पोळी-भाजी, आणि नजर शाळेच्या मुलामुलींवर. मराठीत हे वर्णन नुसतं केविलवाणं वाटलं असतं. इंग्रजीत ते पोलिसांच्या पत्रकासारखं वाटत होतं. त्यानं घाईघाईनं काच खाली केली आणि बाई तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, “मी माझ्या मुलीला न्यायला आलोय.”

बाई इथला नमस्कार घालत म्हणाली, किया ओरा, छानच की, फक्त तुम्ही बसच्या थांब्यावर उभे आहात. बस आली की ड्रायव्हर माझ्यावर डाफरतो, एवढंच.

म्हणजे तिनं काहीच विचारलं नव्हतं. कुणी न विचारता खोटं बोलून मोकळं व्हायचं ही त्याच्या जातकुळीतल्या माणसांची जुनी खोड. विमानतळावर ‘काही जाहीर करायचंय का’ असं विचारायच्या आधीच ‘लोणचं नाही’ म्हणणारी माणसं ही. आज सकाळीही त्यानं ईस्ट टामाकीच्या कारखान्यात अर्धी रजा टाकताना दाताच्या डॉक्टरचं कारण दिलं होतं आणि वर गालाला हात लावून दाखवला होता. साहेबानं कारण विचारलेलंच नव्हतं. आता गाडी काढून निघून जायला हवं होतं. पण बाईच्या चेहऱ्यावर मदत करण्याचा उत्साह उगवला होता आणि या देशात त्याच्यापासून सुटका नसते. तिच्या बिल्ल्यावर ‘फाएआ मेरे’ असं लिहिलेलं होतं. इथल्या मूळ भाषेत फाएआ म्हणजे मावशी, आणि शाळेतल्या बाईंनाही तेच म्हणतात, असं इशितानं कधीतरी सांगितलं होतं. फाएआ मेरेनं विचारलं, मुलीचं नाव काय. तो म्हणाला, इशिता. कितवीत? नववीत, तो म्हणाला. मी नववीची डीन, त्या इयत्तेची प्रमुख, ती म्हणाली, सगळी पोरं मला तोंडपाठ आहेत, ही कशी निसटली? आणि पट्ट्याला अडकवलेला वायरलेस तोंडाजवळ नेऊन ती गाडीच्या छताला टेकली आणि ऑफिसला विचारू लागली. छतावर तिच्या कोपराचा दबका आवाज झाला. इशिता अजून आठवीत होती, दोन गल्ल्या पलीकडच्या सातवी-आठवीच्या इंटरमीजिएट शाळेत. नववीत ती फेब्रुवारीत जाणार होती. या शाळेत जायची की नाही, हे आज संध्याकाळी ठरायचं होतं.

आज संध्याकाळी म्हणजे पाचच्या आत, असं घराच्या एजंटानं बजावलं होतं. टेकडीच्या पलीकडे, बरंच पलीकडे, एक शाळा होती. तिचं नाव घ्यायची कुणाला गरज पडत नसे. मराठी मंडळात सगळे तिला नुसतं ‘झोन’ म्हणत. अमके झोनमध्ये गेले, असं लोक सांगत तेव्हा ते काशीला गेले की कायमचे गेले हे सुरावरून कळत नसे. शाळा सरकारी, फी नाही, फक्त तिच्या हद्दीत राहायला हवं. आणि ती हद्द एका साध्यासुध्या रस्त्याच्या मधोमध जात होती. समअंकी घरांतली पोरं आत, विषमअंकी घरांतली बाहेर. त्याच्या बायकोनं, कांचननं, शोधून काढलेलं घर समअंकी होतं. एवढं सोडलं तर त्याच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं फारसं नव्हतं. दोन खोल्यांचं युनिट, न्हाणीघराच्या छताला काळी बुरशी, शेजाऱ्याच्या गॅरेजकडे उघडणारी एकुलती खिडकी. त्याच्यासाठी स्वतःचं हिल्सबरोचं घर विकायचं होतं, जिथल्या ओट्याशी उभं राहून भांडी घासताना मानुकाऊ हार्बरचं भरतीओहोटीचं पाणी दिसायचं आणि मागे फीजोआचं झाड एवढी फळं टाकायचं की शेजारपाजारचे लोक पिशवी दिसली की दार लावून घेत. शिरीषला झाडाचं दुःख नव्हतं. त्याला कशाचं दुःख होतं ते त्यालाही नीट सांगता येत नव्हतं, आणि कांचनला कारण लागतं. ती फार्मसीत दिवसभर लोकांना गोळी कुठली, कधी, जेवणाआधी की नंतर, हे सांगत उभी असते. ‘असंच वाटतं’ या आजारावर तिच्याकडे औषध नाही.

कांचन वाईट बोलत नव्हती, हीच अडचण. ती दमलेली होती. गेला सगळा हिवाळा शिरीष आणि ती शाळा बघत फिरत होते, जशी आधीची पिढी लग्नासाठी मुली बघत फिरायची. चहा, बिस्किटं, आणि घरी आल्यावर ‘नाक जरा बसकं आहे नाही?’ शिवाय शाळांची पत्रिका. सरकारनं शाळांची डेसाइल, म्हणजे वस्तीच्या ऐपतीवरून शाळेला द्यायचा आकडा, दोन-तीन वर्षांमागे रद्द करून टाकला होता. पण जे सरकारनं रद्द केलंय ते मनातून न काढण्याचा आपल्याकडे मोठा सराव आहे. भेटलेला प्रत्येकजण आवाज खाली आणून विचारायचा, “तशी डेसाइल कितीची होती रे?” मंडळातला इंद्रनील तर या विषयातला भटजी. तो तीन वर्षांपूर्वी झोनमध्ये गेला होता, आणि गेल्या वर्षी गणपतीच्या जेवणात हातात वाटी घेऊन त्यानं शिरीषला समजावलं होतं की जवळची शाळा तशी वाईट नाही, पण तिथे क्राउड मिक्स आहे. मग झोनमध्ये कोण आहेत, असं शिरीषनं विचारलं. इंद्रनीलनं खिरीचा घोट घेतला. “तिथे आता आपलेच लोक फार झालेत यार,” तो म्हणाला. “वातावरण बिघडतंय.” त्याच्या बाजूला त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा उभा होता, पाठ ताठ, केस नीट विंचरलेले. शिरीषनं त्याला विचारलं, कशी आहे शाळा. मुलगा ‘फाइन, अंकल’ म्हणाला आणि वडिलांकडे बघितलं, उत्तर बरोबर आलं का म्हणून.

वायरलेसमधून खरखर आली. ऑफिसनं स्पेलिंग विचारलं होतं. शिरीषनं स्पेलिंग सांगितलं, आडनावासकट सांगितलं. खोट्याला एकदा जोर चढला की ते अक्षरन् अक्षर अचूक सांगतं. फाएआ मेरे म्हणाली, काळजी करू नका, सापडेल. समोरून तीन पोरी पाय डुबकावत डबक्यातून गेली. एकीच्या हातात गरम ‘पाय’ची, खिम्याच्या पॅटिसची, पिशवी होती, ती चावा घ्यायची आणि पुढचीला द्यायची, पुढची घ्यायची आणि तिसरीला. एक उंच मुलगा दप्तर डोक्यावर घेऊन कोकराच्या आवाजात गात होता. कुणी कुणाला हाक मारली की ती हाक रस्ता ओलांडून, बसथांबा ओलांडून पलीकडच्या कुंपणापर्यंत जायची. एवढा आवाज. शिरीषला दुसरं काही दिसतच नव्हतं, नुसता आवाज दिसत होता. कारखान्यात तो दुधाच्या भुकटीच्या पाकिटांच्या लाइनीवर शेवटच्या काट्याशी असतो. वजनात कमी भरलेलं पाकीट काटा ओळखतो आणि एक दांडा हळूच बाहेर येऊन त्याला बाजूच्या पेटीत ढकलतो. पाकिटं ओरडत नाहीत म्हणून हे जमतं.

शाळा बघायची ही रीत त्याची नव्हतीच. ती त्याच्या वडिलांची, आप्पांची होती. आप्पा कऱ्हाडला पाटबंधारे खात्यात कारकून. मुलगा हुशार निघाला, निदान कऱ्हाडच्या मानानं निघाला, म्हणून त्यांनी त्याला पुण्याला शिकवायचं ठरवलं आणि लागोपाठ काही शनिवार रजा टाकून पुण्यातल्या शाळा बघितल्या. कुठल्याही शाळेच्या आत ते गेले नाहीत. मुख्याध्यापकांना भेटले नाहीत, निकाल विचारले नाहीत. ते शाळेसमोरच्या सायकलच्या दुकानाच्या फळीवर छत्री टेकून उभे राहत, शाळा सुटेपर्यंत. “शाळा भरताना बघू नये,” ते सांगायचे, “तेव्हा आईबापांनी सजवून धाडलेली असतात. शाळा सुटताना बघावी. खरं काय ते तेव्हा कळतं.” हे वाक्य ते पुढे लग्नाकार्यात, कुणी विचारलं न विचारलं तरी, सांगत आणि ऐकणारे माना डोलावत. वाक्यच तसं होतं. शिरीषही लहानपणी ते ऐकून वडिलांकडे अभिमानानं बघायचा. आणि आप्पांना एक शाळा सापडली. त्या शाळेतून पोरं दोन रांगांत बाहेर पडत. पांढरा सदरा, खाकी चड्डी, तोंडातून चकार शब्द नाही. फाटकापासून कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पन्नास-साठ पावलांचा रस्ता, आणि तेवढ्या रस्त्यात पावलांच्या आवाजाशिवाय आवाज नाही. आप्पा त्या रात्री शेवटच्या एसटीनं परत आले आणि आईला म्हणाले, मिळाली. पोरं नव्हेत, मोती आहेत. मग आई आणि शिरीष पुण्यात कर्वेनगरला एका खोलीत राहायला आले आणि आप्पा कऱ्हाडला एकटे, हातानं भात टाकून जेवत राहिले, शिरीषची शाळा संपेपर्यंत.

आप्पांनी फाटकापासून गिरणीपर्यंत बघितलं. गिरणीचा कोपरा वळल्यावर काय होतं ते त्यांच्या फळीवरून दिसत नव्हतं. फाटकाशी पर्यवेक्षक सर उभे असत, हातात लाकडी पट्टी, आणि त्यांची नजर गिरणीपर्यंत पोचत असे. बरोबर तिथवर. कोपरा वळला की रांग फुटायची. दिवसभर दाबून धरलेलं सगळं त्या गल्लीत सांडायचं, आणि ते कुणावर तरी सांडायला हवं असायचं. शिरीष ‘जाऊन आलो’ला ‘जाऊनश्यान आलो’ म्हणायचा, पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव कऱ्हाड पडलं. ए कऱ्हाड, बोल की. ए कऱ्हाड, पुन्हा म्हण. त्याची चप्पल गिरणीच्या पत्र्यावर जायची. डबा पायानं ढकलत ढकलत पुढच्या चौकापर्यंत न्यायचे. मारलं फारसं कुणी नाही; ते सांगता आलं असतं. तो बोलायचा थांबला तेव्हा त्यांना मजा यायची थांबली, असा त्यावरचा उपाय त्याला स्वतःलाच सापडला. शनिवारी आप्पा यायचे, पिशवीतून शेंगा काढायचे, आणि विचारायचे, कशी चाललीय शाळा? तो म्हणायचा, बरी. ‘बरी’ या शब्दात किती मावतं. आप्पा खूश व्हायचे, म्हणायचे, शांत झालाय पोरगा, शाळेनं वळण लावलं. पुढे इंजिनिअर झाला, इथे आला, घर घेतलं, आणि आप्पा शेवटपर्यंत सांगत राहिले की आपण शाळा कशी निवडली. शिरीष माना डोलावणाऱ्यांत बसून मान डोलवायचा. एकट्यानं भात टाकून खाल्लेल्या माणसाला कोपऱ्यापलीकडचं काय सांगणार.

गेल्या गुरुवारी झोनच्या शाळेत खुली संध्याकाळ होती, पालकांना शाळा दाखवायची. कोट घातलेली मुलं दारं उघडून धरत होती, ‘गुड ईव्हनिंग, सर’ म्हणत होती. कॉरिडॉरमधून दीडदोनशे पालक आणि तेवढीच पोरं चालत होती आणि आवाज फक्त पावलांचा. प्रयोगशाळेत एका मुलानं निळ्या द्रवाचा गुलाबी करून दाखवला आणि कुणीही ‘ओह’ म्हटलं नाही. कांचन त्याच्या दंडाला धरून कुजबुजली, किती शिस्त आहे बघ. तिचे डोळे ओलावले होते. साताऱ्याच्या ज्या शाळेत ती शिकली तिथे विज्ञानाची बाई वर्षभर बाळंतपणाच्या रजेवर होती आणि बारावीला तिचं मेडिकल थोडक्यात हुकलं होतं. त्याचा राग तिनं वीस वर्षं औषधांच्या कपाटांमागे उभं राहून शांतपणे सांभाळला होता. शिरीषला तिचं कळत होतं. पण तो कॉरिडॉरच्या टोकाला गिरणीचा कोपरा शोधत होता. त्यानं वळून इशिताकडे बघितलं. ती त्यांच्या दोन पावलं मागे होती, स्वेटरची बाही हाताच्या पंजावर ओढून तिचं टोक दातांत धरलेलं. ही तिची बालवाडीतली सवय. पहिल्या दिवशी आई गेल्यावर तिनं अशीच बाही चावली होती आणि तीन आठवडे वर्गात कुणाशी बोलली नव्हती. बाईंनी बोलावून विचारलं होतं, हिला ऐकू येतं ना? गुरुवारी घरी येताना गाडीत कांचननं तिला विचारलं, कशी वाटली शाळा. ती खिडकीतून बघत म्हणाली, “फाइन.” कांचन म्हणाली, बघ, आवडली तिला. शिरीषनं गाडी चालवली. त्याला ते भाषांतर येत होतं.

हे सगळं बायकोला सांगायचं म्हणजे मुळापासून सांगायला हवं. गिरणी, चप्पल, आप्पा, सगळं. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर माणूस नवी माहिती देऊ शकत नाही. समोरचा विचारतो, मग इतके दिवस का नाही बोललास, आणि खरा विषय तिथेच मरतो. म्हणून काल रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला होता की एकदा जवळची शाळा सुटताना बघून येतो. कांचननं ताटातली भाजी सारखी केली. “बघ,” ती म्हणाली, “पण पाचच्या आत कळव. त्या घराला आणखी दोघं लागलेत.” आणि मग हसून, “आप्पांसारखा छत्री घेऊन जा.” इशिता जेवत होती. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते.

“सॉरी,” फाएआ मेरे खिडकीत वाकून म्हणाली. तिचा आवाज आता उत्साहाचा नव्हता, नुसता सावध होता. ऑफिसकडे इशिता नावाची कुणी मुलगी नव्हती. नववीत नाही, कुठल्याच इयत्तेत नाही. तुम्हाला खात्री आहे ना, याच शाळेत? आणि त्या वाक्याबरोबर तिची नजर एकदा गाडीच्या आत फिरून गेली. पोळी, भाजी, मागच्या सीटवर कांचनची छत्री. त्यानं खरोखर छत्री आणली होती.

शिरीषला वाटलं, आता घाम फुटेल. पण फुटला नाही, तो फक्त फार दमला. एवढा दमला की खोट्याचा पुढचा मजला बांधायची ताकदच राहिली नाही. “नाही,” तो म्हणाला, “ती अजून इथे नाहीये. मी शाळा बघायला आलो होतो. आमच्याकडे सुटताना बघतात.”

बाईनं हे शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, काय दिसलं मग?

“आवाज फार आहे,” तो म्हणाला.

“हो, हीप्स, ढिगानं,” फाएआ मेरे म्हणाली, जशी कुणी हवामानाची तक्रार मान्य करावी. मग तिनं विचारलं, म्हणजे येणार कधी ती? आणि शिरीष म्हणून गेला, “पुढच्या वर्षी.” हे वाक्य त्यानं ठरवलेलं नव्हतं. इतकं खोटं बोलून झाल्यावर तोंडातून आपोआप बाहेर पडलेलं ते आणखी एक, असं त्याला वाटलं. पण बोलून झाल्यावर बाकीच्यांसारखं ते जिभेला चिकटलं नाही. बाई म्हणाली, स्वीट ॲज, झकास, मग मला सोमवारी फोन करा, दोघं येऊन आतून बघून जा, तिलाही आणा. आणि बसचा थांबा सोडा आता, प्लीज, ती बघा आली. मागे खरंच बस आली होती आणि ड्रायव्हर भोंग्यावर हात ठेवून बसला होता.

गाडी काढून तो कोपऱ्यावर डावीकडे वळला, घराच्या दिशेनं नव्हे, जिथून बसला वाट होईल त्या दिशेनं. कोपऱ्याच्या पलीकडे एक डेअरी होती, इथल्या कुठल्याही कोपऱ्यावर असते तशी. दूध, पाव, लॉलीज, तळलेले चिप्स, दारावर आइसक्रीमचा फिकट पडलेला बोर्ड. शाळेची पोरं तिथे गोळा झाली होती. फुटपाथच्या कडेला, ओल्या दगडावर, पाय रस्त्यात सोडून पाचसहाजणी बसल्या होत्या आणि मधे कागदात गरम चिप्स उघडले होते. शिरीषनं वेग कमी केला. गणवेश सगळ्यांचे मोठ्या शाळेचे, दोघींचे सोडून. त्या दोघींतली एक सिना होती, इशिताची पहिलीपासूनची मैत्रीण, जी पुढच्या वर्षी या शाळेत येणार हे कधीच ठरलेलं होतं, कारण तिच्या घरात शाळा ठरवत नाहीत, जवळ असते तिथे जातात. आणि दुसरी उभी होती. ती उभी राहून कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती. कमरेवर एक हात, दुसऱ्या हातात काल्पनिक फोन, मान तिरकी, आणि चालण्यात एक ठसका जो शिरीषनं कुठेतरी बघितला होता. मग त्याला कळलं की ती एजंटाची नक्कल चालली आहे, युनिट दाखवायला आलेल्या त्या माणसाची. बुरशीवरून बोट फिरवून ‘जुन्या घराला कॅरेक्टर असतं’ म्हणणारा तो. दगडावरच्या सगळ्या पोरी आडव्या पडून हसत होत्या. आणि इशिता मधेच स्वतःच हसली, डोकं मागे टाकून, एवढ्या मोठ्यानं की डेअरीतल्या काकांनी बाहेर डोकावून बघितलं.

त्यानं गाडी कडेला घेतली आणि काच खाली केली. ती शाळेतून साडेतीनच्या आत घरी पोचते असं कांचन आणि तो धरून चालले होते. तो रोज पाचनंतर येतो, त्याला काय माहीत. ती शाळा बघायला आली होती. सुटताना. आणि तीही कोपऱ्याच्या पलीकडून. त्याला रागवायला हवं होतं, पण त्याला नुसता तो आवाज ऐकायचा होता. बारा वर्षांत हा आवाज त्याच्या घरात कधी आला नव्हता. त्याच्या घरात एक फाइन म्हणणारी मुलगी राहत होती.

फोन वाजला. कांचननं वाट न बघता विचारलं, बघितलीस? काय ठरवलं? तिच्या मागे फार्मसीतली घंटी वाजत होती, कुणीतरी दारातून आत येत होतं.

“नको ते घर,” शिरीष म्हणाला.

“कारण?”

त्याच्याकडे कारण होतं, कऱ्हाडपासून सुरू होणारं, आणि तो ते सांगायला लागलाही असता. त्याऐवजी त्यानं फोन खिडकीबाहेर धरला. काही सेकंद तसाच धरून ठेवला, हात लांब करून, जसं कुणी पाऊस पडतोय का बघतं. मग परत कानाला लावला.

“हे काय होतं?” कांचन म्हणाली. “कोण ओरडतंय?”

“इशिता.”

“इशिता? कुणी काही केलं का तिला?”

“नाही. हसतेय ती.”

घंटी पुन्हा वाजली, कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, तिनं त्यांना एक मिनिट म्हटलं. मग ती म्हणाली, “पुन्हा धर.”

त्यानं पुन्हा धरला. या खेपेला जास्त वेळ.

“मी कळवते एजंटाला,” ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचा होता. “दोघांतल्या कुणाला तरी देईल तो.” आणि मग, कारण ती कांचन होती, “पण गणिताचा क्लास लावायचा. शनिवारी. त्यात नाही म्हणायचं नाहीस तू.” तो म्हणाला, नाही म्हणत. आणि घरी आलास की मला नीट सांगायचंस, ती म्हणाली, काय बघितलंस ते. सगळं. बरं, तो म्हणाला. तो शब्द तोंडातून गेल्यावर त्याला तो ओळखीचा वाटला. त्यानं दुरुस्ती केली. “सांगतो,” म्हणाला.

फोन ठेवून त्यानं वर बघितलं तेव्हा इशिता गाडीकडे बघत होती. कमरेवरचा हात तसाच राहिला होता, पण त्यातला एजंट निघून गेला होता. हळूहळू तो हात खाली आला, बाही पंजावर ओढली गेली आणि तिचं टोक वर, तोंडाकडे जायला लागलं. दगडावरच्या पोरीही मान वळवून बघू लागल्या. फुटपाथ एकदम शांत झाला. दोन रांगा तेवढ्या नव्हत्या. शिरीषला हातात पट्टी असल्यासारखं वाटलं; त्यानं खरंच हाताकडे बघितलं, तर फोन होता. हाक मारावी, हात करावा, चल म्हणावं, चिप्स खा म्हणावं, सगळं सुचलं, आणि यातलं काहीही केलं तरी ती ‘फाइन’ म्हणेल हेही सुचलं. त्यानं भुवया वर केल्या, आपण रस्ता चुकून इथे आलोय असा चेहरा केला, जो त्याला फारसा करावा लागला नाही, इंडिकेटर दिला आणि गाडी काढली.

पुढच्या गल्लीत वळून त्यानं इंजिन बंद केलं आणि दोन्ही बाजूच्या काचा खाली केल्या. पाऊस तिरका आत येत होता, मांडीवरची पोळी भिजत होती. कोपऱ्यावरून मघाची बस गेली आणि तिची घरघर संपायला बराच वेळ लागला. मग काहीच नाही. मग कुणाच्या तरी पायाखाली डबकं वाजलं. आणि मग भिंतीपलीकडून हसण्याचा एक लोट आला, त्यात सगळ्या होत्या, वेगळा असा एक आवाज काढता येत नव्हता. तिचाही त्यात आहे असं धरून शिरीष बसून राहिला.